हॉस्पिटलच्या आधीचे महिने

मुळशी तालुक्यातल्या माले आणि आजूबाजूच्या गावांसाठी मोठं हॉस्पिटल झालंच पाहिजे, ही मागणी मी कित्येक वर्षं हिरिरीने मांडत आलो. निवेदनांवर सह्या गोळा केल्या, मतं मागायला आलेल्या प्रत्येकाला दारातच विचारलं, ग्रामसभेत उठून बोललो. अतिदक्षता विभाग हवा, रात्री जागेवर डॉक्टर हवा, चोवीस तास रुग्णवाहिका हवी. साखरेच्या आजाराने आमच्याकडची माणसं पाय गमावतात, किडन्या गमावतात, जीव गमावतात, आणि त्याला कारण एकच, हॉस्पिटल लांब आहे, अशी माझी खात्री होती. ती खात्री आता राहिलेली नाही. हॉस्पिटल लांब आहे हे खरंच आहे. पण माणूस तिथवर कोणत्या वाटेने पोचतो हे बघायला लागलो आणि माझ्या मागण्यांचा क्रम बदलला. माझ्या शब्दावर ज्यांनी सह्या केल्या त्यांना तो का बदलला हे कळायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं औषधांचं दुकान आहे, पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याला. हा रस्ता ज्यांनी फक्त पावसाळी सहलीत पाहिला आहे, त्यांना त्याची दुसरी बाजू ठाऊक नसते. माल्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचं सरकारी दार म्हणजे पौडचं ग्रामीण रुग्णालय. तिथे भागलं नाही तर पिरंगुट, भुकूम, भूगाव, चांदणी चौक असं करत पुण्यात शिरायचं आणि ससून गाठायचं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला, त्याच्या पलीकडच्या वाड्यांना तर आधी पाण्याला वळसा घालून या रस्त्याला लागावं लागतं. जुलै-ऑगस्टातल्या शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची अशी रांग लागते की रुग्णवाहिका सायरन वाजवत जागच्या जागी उभी असते. हिंजवडीचं आयटी पार्क ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातली ही गोष्ट. आमची मागणी यातून आली होती आणि ती खोटी नव्हती.

२०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका, त्यातल्या २३३ गाड्यांत गंभीर पेशंटला लागणारी प्रगत साधनं, आणि गाडीत डॉक्टर. बाळंतपण, अपघात, सर्पदंश अशा वेळी ही गाडी काय कामाला येते ते आमच्या भागात कोणालाही विचारा. साखरेच्या पेशंटांचंही आता भलं होईल, असं मला वाटलं होतं. गाडी येऊ लागली, माणसं पुण्याला पोचू लागली, आणि तरीही परत आलेल्या काहींचा अंगठा तिकडेच राहिला, कोणाचं पाऊल कापावं लागलं, कोणाच्या मागे डायलिसिस लागलं. मला हे उमजेना. गाडी वेळेवर आली होती. हॉस्पिटल मोठं होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बिलही भागलं होतं. मग उशीर झाला कुठे?

उत्तर माझ्याच दुकानात पडून होतं. खेड्यातल्या मेडिकलमध्ये उधारीची वही असते. कोणी, कधी, काय नेलं ते तारीखवार लिहिलेलं असतं. एका पावसाळ्यात ओळखीची बरीच माणसं पाठोपाठ दाखल झाली. कोणी उलट्या होऊन धाप लागल्यामुळे, कोणी चिघळलेल्या पायामुळे, कोणी बेशुद्ध पडून. घरची मंडळी हिशेब पुरा करायला आली तेव्हा मी मागची पानं चाळली. जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे खंड पडलेला होता. महिन्याला तीन पट्ट्या नेणारा माणूस आधी दोन न्यायला लागला, मग एक, मग अर्धी, आणि पुढचे काही महिने काहीच नाही. पट्टी कापायची म्हणजे एक्स्पायरीची तारीख छापलेली बाजू आम्ही दुकानात ठेवतो आणि उरलेली गिऱ्हाइकाच्या हातात देतो. कात्री चालवताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय मला तोवर नव्हती. अर्धी पट्टी मागणारं माणूस आजार अंगावर काढायला निघालेलं असतं, हे मला त्या वहीने दाखवलं. हॉस्पिटलच्या कागदावर दाखल झाल्याची एक तारीख असते. तिच्या आधीचे सगळे महिने माझ्याकडे लिहिलेले होते.

लोक बेपर्वा आहेत, गोड सोडत नाहीत, गोळ्या वेळेवर घेत नाहीत आणि शेवटी धावपळ करतात, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. आता कोणी पट्टी अर्धी मागितली की मी विचारतो, का? आधी कोणी बोलत नाही. मग हळूहळू बोलतात.

“साखर नॉर्मल आली की दादा, मग गोळी कशाला?” हे सगळ्यात जास्त ऐकलेलं उत्तर. ती गोळीमुळेच नॉर्मल आली आहे, हे त्यांना कोणी समोर बसून सांगितलेलंच नसतं. ताप उतरला की औषध बंद, ही रीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली. तिच्यात जन्मभराची गोळी बसत नाही. “दुखत तर काय न्हाय,” हे दुसरं. कोणाला ओळखीतल्याने चूर्ण दिलेलं असतं आणि ते चालू असेपर्यंत इंग्लिश औषध घेऊ नका असं बजावलेलं असतं. इन्सुलिन लिहून दिलं की काहींच्या घरात रडारड होते, कारण शेजारच्या कोणाला तरी अगदी शेवटच्या दिवसांत ते दिलं होतं आणि तो माणूस गेला होता; इन्सुलिननेच गेला असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. बायकांचं उत्तर फार दबक्या आवाजात येतं. घरात दोघांना साखर आहे, पैसे एकाच्या गोळ्यांपुरते आहेत, मग आधी मालकांच्या घ्यायच्या. एकीने तर एकाच पट्टीतल्या गोळ्या दोघांत वाटून चालवल्या होत्या, आणि त्यातल्या तिच्या वाट्याच्या दिवसाआड.

आणि सगळ्यांच्या बोलण्यात येतो तो तपासणीचा दिवस. रिकाम्या पोटी रक्त द्यायचं म्हणून न खाता पहिली बस पकडायची, रांगेत थांबायचं, रक्त द्यायचं, जेवायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, रिपोर्ट मिळेपर्यंत डॉक्टर उठलेले. परतीची गाडी संध्याकाळी. म्हातारं माणूस असेल तर सोबत एक जण लागतोच, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. मेटफॉर्मिन हे साखरेचं स्वस्तातलं औषध आहे, सरकारी दवाखान्यात तर ते फुकट मिळायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. पण वाडीवरून निघून त्या फुकटच्या गोळीपर्यंत जायला जो दिवस मोडतो, तो दर महिन्याला मोडणं हातावर पोट असलेल्या माणसाला झेपत नाही. हे कळल्यावर त्यांना बेपर्वा म्हणायला माझी जीभ रेटेना.

लावणीच्या दिवसांतली एक सकाळ मला नेहमी आठवते. खाचरात तरवा लावणाऱ्या एका आजींना दोघांनी खांद्याला धरून दुकानात आणलं. रस्त्यावर सगळ्यात जवळचं छप्पर ते, म्हणून. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर इरलं तसंच, बाहेर धो धो पाऊस आणि आजींच्या कपाळावर घामाचे थेंब. हात थरथरत होते. सुनेला ओळखत नव्हत्या, काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. बरोबरच्यांनी लकवा मारला असं ठरवून १०८ ला फोनही केला होता. बोट टोचायला घेतलं तर त्याच्यावर चिखलाचा थर. ते धुऊन, पुसून, पहिला थेंब टिपून टाकून दुसरा थेंब पट्टीला लावला. आकडा आला ४१. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं समजतात. एक्केचाळीसला माणूस कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडू शकतो. आजींना गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. शुद्ध हरपलेली असती तर तोंडात काहीही घातलं नसतं, कारण ते श्वासनलिकेत जातं आणि माणूस गुदमरतो. पंधरा-वीस मिनिटांत आजींनी डोकं वर केलं आणि सुनेला विचारलं, “माझ्या तरव्याच्या जुड्या कुठं टाकल्यास गं?”

त्यांनी पहाटे उठून साखरेची गोळी घेतली होती. सकाळची म्हणून लिहिली होती, सकाळी घेतली. भाकरी शेतावर दहानंतर येणार होती, आणि तोवर वाकून चिखलात काम. गोळीचं प्रमाण ठरलं होतं ते वैशाखात, आजी घरी बसून असताना. लावणीला तुम्ही किती राबता, केव्हा जेवता, हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. शुद्धीवर आल्या तरी मी त्यांना आरोग्य केंद्रात पाठवलंच, कारण ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि म्हाताऱ्या माणसाची, त्यातून किडनी अधू असलेल्याची, साखर काही तासांनी पुन्हा उतरते. तिथे त्यांना थांबवून घेतलं, गोळीचं प्रमाण कमी केलं.

तोवर माझ्या डोक्यात साखरेचा धोका म्हणजे वाढलेली साखर एवढंच होतं. साखर उतरूनही माणूस हॉस्पिटलात जातो, आणि ती उतरवणारी गोळी मीच विकलेली असते, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. वाचायला लागलो. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या लोकांना औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने का दाखल करावं लागतं ते पाहिलं होतं. अशा दाखल होण्यांपैकी दोन तृतीयांश चारच औषधगटांमुळे होती, आणि त्यातले दोन साखरेचे, इन्सुलिन आणि गोळ्या. २०१४ साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आला. त्यात असं दिसलं की गरीब लोकांमध्ये साखर उतरल्यामुळे दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी वाढतं. खात्यापित्या घरांत तसं होत नाही. महिनाअखेरीला घरातलं अन्न संपतं, औषध मात्र चालू असतं. कॅलिफोर्नियातली महिनाअखेर आणि आमच्याकडची लावणी यांत मला काही फरक दिसला नाही.

अशी घटना घडून गेली की पुढे काय होतं, ते दुकानदाराला दिसतं. “गोळी खाल्ली की चक्कर येती,” म्हणून घरचे गोळी बंदच करतात. कोणी कमी करत नाही, कोणी विचारायला जात नाही. मग दिवाळीपर्यंत साखर तीनशे-चारशेवर जाते आणि तोच माणूस दुसऱ्या दाराने हॉस्पिटलात पोचतो. लावणीच्या आधी गोळीचं प्रमाण एकदा बघितलं असतं आणि कमरेला खडीसाखरेची पुडी बांधली असती, तर या दोन्ही फेऱ्या टळल्या असत्या.

पायांबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचं आहे. मुळशीत भाताच्या दिवसांत पाय आठवडेच्या आठवडे चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, लोक मेंदी लावतात आणि पुन्हा खाचरात उतरतात. धडधाकट माणसाच्या चिखल्या आठ-दहा दिवसांत जातात. बरीच वर्षं साखर असलेल्या माणसाच्या पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात आणि रक्तपुरवठा कमी झालेला असतो. त्याला बेचकीतली भेग जाणवत नाही, तिच्यातून शिरलेला जंतू जाणवत नाही. एका काकांच्या चपलेतून खिळा वर आला होता आणि ते त्याच चपलेने दिवसभर हिंडले. रात्री चटईवर रक्त बघून सुनेने विचारलं तेव्हा त्यांना कळलं. दुसरे एक जण शेकोटीपाशी पाय शेकत बसले आणि टाचेला भाजल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी फोड बघून समजलं. दोघेही माझ्याकडे मलम मागायला आले होते, पायाचा वास येऊ लागल्यावर. दुखत नव्हतं, म्हणून घाई नव्हती.

वेदना नसणं किती घातक असतं हे जगाला शिकवलं गेलं ते आपल्याच देशात. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हातपाय दुरुस्त करत. त्यांच्या लक्षात आलं की बोटं रोगाने झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे रोज होणाऱ्या बारीकसारीक जखमा कळत नाहीत आणि त्यातून बोटं जातात. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे जे शिकायला मिळालं ते मधुमेहाच्या पायांना लागू पडलं. पाय तपासायचा नायलॉनचा दोरा तिथेच मापाला बसवला गेला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे, तळव्याला ठरावीक जागी दोरा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, लागलं का? दोरा वाकूनही जो “नाही” म्हणतो, त्याच्या पायाला जखमेपासून वाचवणारी जाणीव उरलेली नाही. एवढीच तपासणी. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, फार शिकलेलं माणूसही लागत नाही. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा एक धट्टाकट्टा शेतकरी डोळे मिटून दर वेळी “अजून लावलाच नाही की,” म्हणत होता, आणि दोरा त्याच्या अंगठ्याखाली पार वाकलेला होता.

त्या क्षणी माझ्या मनातलं हॉस्पिटल मागे पडलं. पाय कापायला लागणारा सर्जन आणि ऑपरेशन थिएटर माल्यात आणायला किती वर्षं लागतील मला सांगता येत नाही. हा दोरा उद्या येऊ शकतो.

साखर हा शहरातल्या जाड माणसांचा आजार आहे, हा आमच्या भागातला दुसरा समज. तो खोडून काढणारं काम पुण्यातच झालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, हातापायांनी काटकुळी, पण विलायतेतल्या गुटगुटीत बाळांच्या मानाने त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. २००४ साली लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी सारखं, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाच्या २१ टक्के आणि दुसऱ्याच्या ९. जास्त चरबी आपल्या माणसाची. दुकानात येणारे सडपातळ लोक “मला कशी साखर होईल?” असं विचारतात तेव्हा मी त्यांना हा फोटो सांगतो.

आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. मधुमेह झालेले १० कोटींहून अधिक, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींहून अधिक. मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९, असा फरक अजून आहे. उंबरठ्यावरच्या लोकांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, पंधरा टक्क्यांच्या घरात. खेड्यात उद्या काय वाढून ठेवलं आहे ते यात दिसतं. आमच्याकडे जमिनी विकल्या गेल्या, बंगले उठले, काल नांगर धरणारा मुलगा आज फार्महाऊसच्या फाटकावर खुर्चीत बसतो. ताटातला भात तेवढाच राहिला. अशा मुलाला कोणीतरी कॅम्पमध्ये “बॉर्डरला आहे” म्हणून सांगतं आणि तो सुटलो म्हणून घरी जातो. पुन्हा तपासणी होते ती दाखल झाल्यावर. २०२१ मध्ये म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, साथीत किती जणांची साखर पहिल्यांदा कळली, ते राज्याने पाहिलं आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांपैकी ज्यांना फक्त जुजबी सल्ला मिळाला, त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्या-खाण्याकडे सतत लक्ष ठेवलं, त्यांच्यात तो ३९ टक्क्यांना झाला. लक्ष ठेवायला कोणीतरी होतं, एवढाच दोन गटांतला फरक होता.

मधुमेहासाठी किती माणसं हॉस्पिटलात दाखल झाली, हा आकडा श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना प्राथमिक आरोग्यसेवेचा दर्जा जोखायला वापरते. रोजची सेवा धड असेल तर यातली बरीच माणसं दाखल व्हायलाच नकोत, असं त्यामागचं गणित. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वहीतली पानं आठवली. आम्ही हॉस्पिटल मागत होतो तेव्हा वाडीवरच्या उपकेंद्राचा साखरेच्या पेशंटशी काय संबंध, हा प्रश्न आमच्यातल्या कोणीही विचारला नव्हता.

साखरेच्या पेशंटची रोजची देखभाल करण्याचं काम उपकेंद्रातून होऊ शकतं का? आपल्याच राज्यात उच्च रक्तदाबाच्या बाबतीत झालं आहे. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे देशाच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीपासून होते. तिथला मार्ग साधा होता: ठरलेली औषधं, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याला शोधून काढायचं. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. औषध ठेवून वाट बघणारे दवाखाने पुष्कळ आहेत. न आलेल्याची आठवण ठेवणारे थोडे.

मोठं हॉस्पिटल नको, असं मी म्हणत नाही. साखरेच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम आणि दम. त्या वेळी हॉस्पिटल आणि १०८ यांना पर्याय नाही. उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास आणि तोंडाला गोडसर वास, असं असेल तर एक तासही घरी घालवू नये. पावसाळ्यातल्या रविवारी रुग्णवाहिकेला वाट मोकळी करून देणारे पोलीस या रस्त्यावर उभे हवेत, ही मागणी मी आजही तितक्याच जोराने करतो. पण हॉस्पिटलच्या मागणीत आमची एवढी वर्षं गेली, आणि त्या वर्षांत ज्यांचे पाय गेले त्यांना वाचवायला लागणारी माणसं इथेच होती. आशाताई होत्या, उपकेंद्र होतं, २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारीही आले. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासायची हे त्यांच्या कामातच लिहिलेलं आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत माझा ठराव वेगळा असणार आहे. प्रत्येक वाडीसाठी महिन्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी उपकेंद्रात महिनाभराच्या गोळ्या मिळू द्या. नाव असून जो आला नाही, त्याच्या घरी आठवड्याच्या आत कोणीतरी जावं. ज्येष्ठात, लावणीच्या आधी, प्रत्येक साखरेच्या पेशंटच्या गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांनी एकदा बघावं, त्याचे पाय दोऱ्याने तपासावेत आणि लावणी उरकल्यावर पुन्हा तपासावेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा निधी मिळतो. तो कुठे खर्च होतो हे सभेत वाचून दाखवावं आणि त्यातून काय घेता येईल ते ठरवावं. माझ्या परीने मी एक गोष्ट सुरू केली आहे. साखरेची पट्टी अर्धी मागायला कोणी आलं की त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर, आशाताईंना कळवतो.

माले परिसरातल्या, आणि मुळशीतल्या कोणत्याही गावातल्या वाचकांना माझी विनंती आहे: या ठरावासाठी ग्रामसभेला या. घरात साखरेचा पेशंट असेल तर त्याच्या गोळ्यांची पट्टी आज काढून बघा आणि शेवटची कधी आणली होती ते त्याला विचारा. रात्री झोपण्याआधी त्याचे पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे बघा. त्याला दुखत नसलं तरी बघा.